डावा घोडा

आमच्या घरातल्या बंदुकीला डावा घोडा नव्हता, आणि ही गोष्ट भडगावात कोणाला नवी नव्हती. दोन नळ्यांची ती बारा बोअरची बंदूक माझ्या आजोबांनी घेतली तेव्हा सातमाळ्याच्या रानात शिकारीला जाणं हा गुन्हा नव्हता, आणि ससे, तितर, एखादं रानडुक्कर घरी आलं की गल्लीभर वाटे जात. प्रत्येक नळीमागे एक लोखंडी घोडा. अंगठ्यानं मागे ओढायचा, चाप दाबला की तो काडतुसाच्या बुडावर आपटतो. उजवा घोडा जागेवर होता. डाव्याच्या जागी नुसता चौकोनी खुंट उरला होता, आणि दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करायची वेळ आली की हवालदार पावतीवर न चुकता लिहायचा, ‘डावा घोडा नाही’. मी एका शाळेत सत्तावीस वर्षं लिपिक आहे, त्यामुळे कागदावर लिहिलेल्या गोष्टीला मी इतरांपेक्षा थोडा जास्तच मान देतो. माझी बायको रत्ना त्यावरून मला चिडवते, की जेवण झालं की नाही हेसुद्धा तुम्ही हजेरीपट बघून सांगाल.

तो घोडा पुनानं नेला. पुना माझा थोरला भाऊ, तीन वर्षांनी मोठा, गोरा, सरळ नाकाचा, घाऱ्या डोळ्यांचा, हुबेहूब आमचे वडील, आबा. मी आईवर गेलो, सावळा आणि बसक्या नाकाचा, आणि आम्ही भाऊ आहोत हे नव्या माणसाला सांगावं लागायचं. पुना डावरा होता. जेवायला, लिहायला, नेम धरायला, सगळ्याला त्याचा डावा हात पुढे. आबांनी त्या हातावर किती वेळा मारलं असेल कोण जाणे, पण बंदूक हातात दिली ती त्यालाच, आणि ती बाळगण्यासाठी परवान्यावर स्वतःच्या नावाखाली दुसरं नाव घालून घेतलं तेही त्याचंच, फोटोसकट.

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर विळे, कोयते, कुऱ्हाडी मांडतात, मधोमध बंदूक, आणि बंदुकीपुढे घरातला प्रत्येक पुरुष आपल्या नावाची एक सुपारी स्वतःच्या हातानं ठेवतो. तीस वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला पुनानं आपली सुपारी डाव्या हातानं ठेवली. मुद्दाम नव्हे, सवयीनं. आबांनी सगळ्या भाऊबंदांदेखत त्याच्या मुस्काटात दिली. दुपारी माणसं जेवून पांगल्यावर पुनानं बंदूक मांडीवर घेतली आणि माझ्याकडे पेचकस मागितला, आणि मी तो आणून दिला. एकच स्क्रू होता. घोडा खिशात टाकून तो पारोळ्याच्या रस्त्याला लागला, त्यानं बदलायला कपडेसुद्धा नेले नाहीत. मी ओट्यावर उभा होतो. हाक मारली असती तर कदाचित वळलाही असता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. आता आबांना एकच मुलगा राहिला, असं मला वाटलं होतं.

माझा तो अंदाज पार चुकला. आबांनी ओट्यावरची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवली आणि पुढची तीस वर्षं ती कोणाला हलवू दिली नाही. खंडित शस्त्राची पूजा होत नाही म्हणून खंडेनवमीला पाटावर बंदुकीची जागा मोकळी सोडायची, आणि सुपाऱ्या त्या मोकळ्या जागेपुढे ठेवायच्या. घरी नसलेल्या माणसाची सुपारी पाटाच्या कडेला ठेवायची आणि ती घरातल्या बाईनं ठेवायची, अशी रीत आहे. आधी आई ठेवायची, ती गेल्यावर रत्ना ठेवू लागली. रत्ना पुना गेल्यानंतर तीन वर्षांनी या घरात आली, तिनं त्याला कधी पाहिलेलं नाही. एरवी ती पदर खांद्यावरच ठेवणारी बाई, पण जेठाची, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाची, सुपारी ठेवताना मात्र पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेते. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, जो माणूस नाहीच त्याच्यापुढे कसला पदर. ती म्हणाली, जेठ तो जेठ.

आबा आता चौऱ्यांशी वर्षांचे आहेत. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून जायला लागली. आधी शेतांची नावं गेली, मग आई गेल्याचं विसरले, आणि संक्रांतीच्या सुमारास मी गेलो. कधी मला तलाठी समजतात, कधी बोअरची मोटार दुरुस्त करणारा. वाईट असं काही बोलत नाहीत; उलट बसा म्हणतात, रत्नाला चहा टाकायला सांगतात, आणि मी निघालो की परक्या माणसाला करतात तसा दोन्ही हातांनी रामराम करतात. त्या रामरामानं मला जितकं लागायचं तितकं त्यांच्या कुठल्याही शिवीनं लागलं नव्हतं. पुना मात्र त्यांच्या डोक्यात पक्का होता. दिवसातून चार वेळा त्याला घोडा घेऊन यायला सांगायचे, “पुनाले सांगा, घोडा लई ये. बंदूक पुरी व्हई तव्हय मी डोळा मिटसू.”

पावसाळा सरता सरता त्यांनी अन्न जवळजवळ सोडलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आवडेल ते खाऊ घाला, दसऱ्यापर्यंतचं बघा. त्या दिवशी घरी येताना माझ्या मनात आलं की बंदूक पुरी करून त्यांच्यापुढे ठेवायची. ते विचारतील, कोणी केली. रत्ना सांगेल, तुमच्या प्रेमराजनं. आणि मग निदान एकदा ते माझ्याकडे आपला मुलगा म्हणून बघतील. मला एवढंच हवं होतं, आणि बावन्नाव्या वर्षी हे लिहायला मला लाज वाटत नाही.

ठाण्यातल्या हवालदारानं मला पत्ता दिला. धुळ्यात तोताराम मिस्त्री म्हणून एक परवानाधारक कारागीर अजून जुन्या बंदुकांचे भाग हातानं घडवतात, म्हणाला. पण एक सांगतो भाऊ, परवान्यावर ज्याचं नाव त्यानंच बंदूक न्यायची. आबांना तर ओटाही उतरवत नव्हता. माझं नाव घालायचं तर अर्ज, चौकशी, आबांची सही, आणि यात दसरा कधीच निघून गेला असता. मागे दर नूतनीकरणाच्या वेळी मी आबांना म्हणायचो की पुनाचं नाव काढून माझं घाला, आणि ते दर वेळी म्हणायचे, नाव शे ना त्यावर, आखो काय जोयजे, म्हणजे नाव आहे ना, आणखी काय हवं. म्हणून मी ठरवलं की एका दिवसापुरतं पुना व्हायचं. भडगावात हे सोंग कोणी चालू दिलं नसतं, पण धुळ्यात मला ओळखतो कोण?

बंदूक गोधडीत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून मी रविवारी सकाळीच निघालो. पारोळ्याच्या पुढे नाकाबंदी होती. पोलिसानं गोधडी उलगडायला लावली, परवाना मागितला आणि फोटोचं पान उघडलं. चोवीस वर्षांचा पुना घाऱ्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होता. मी बसल्या जागी घामानं भिजलो. पोलिसानं फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

“एवढ्या वर्षांत फार बदलला नाहीत,” तो म्हणाला, आणि पुस्तक परत दिलं.

धुळं येईपर्यंत मी एकटाच हसत होतो. ते नाक कुठे, माझं नाक कुठे! त्यानं फोटो धड बघितलाच नसणार, सकाळपासून शंभर गाड्या अडवून त्याचे डोळे थकले असणार, असं मी स्वतःला समजावलं, आणि ते मला पटलंही.

तोताराम मिस्त्रींचं दुकान आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत होतं. तेलाचा आणि घासलेल्या लोखंडाचा वास, एक लांब टेबल, त्यावर पकडी आणि कानशी, आणि टेबलासमोर भिंतीला ठोकलेला न्हाव्याकडे असतो तसा आरसा. मिस्त्री ऐंशीच्या घरातले, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, बंदुकीचा नंबर वाचला आणि मागच्या फडताळातून जुनी रजिस्टरं काढून बोट फिरवत बसले. हे मला आवडलं, म्हटलं माणूस आपल्या जातीचा आहे. नंबर सापडला. पुना गेला त्याच्या आदल्या वर्षीची नोंद होती, डाव्या घोड्याची स्प्रिंग बदलल्याची, खाली आणणाऱ्याची सही.

“तेव्हाही तुम्ही उभेच राहिला होता, पुनाभाऊ,” ते म्हणाले. “बसा म्हटलं तर म्हणालात, उभाच बरा.”

मी खरंच उभा होतो. भीतीनं उभा होतो, पण ते त्यांना कसं सांगणार? मी नुसता हसलो.

घोडा कसा करायचा हे त्यांनी मला समजावलं. लोकांना वाटतं, एक आहे त्यावरून दुसरा काढायचा, पण तसा काढला तर दोन्ही उजवेच होतात. त्यांनी उजवा घोडा खोलून हातात घेतला, आरशासमोर धरला, आणि आरशात जे दिसत होतं ते पेन्सिलीनं कागदावर उतरवायला सुरुवात केली. आरशातला घोडा डावा असतो, म्हणाले. लोखंड घासताना त्याच्याकडेच बघत राहायचं. हातातल्याकडे बघितलं की हात चुकतो.

निघताना त्यांनी रजिस्टरचं नवं पान पुढे केलं. पुनाची सही मी लहानपणी पाहिली असेन, पण तिचं वळण काही मला आठवत नव्हतं, आणि जुनं पान त्यांनी मिटून ठेवलं होतं. मनाला येईल तशी सही ठोकून दिली. मिस्त्रींनी जुनं रजिस्टर उघडून शेजारी ठेवलं, दोन्हींवरून भिंग फिरवलं आणि समाधानानं मान हलवली. मी वाकून बघितलं. सत्तावीस वर्षं मी लोकांच्या सह्या ताडून बघतो आहे. त्या दोन सह्या एका माणसाच्या होत्या. ‘ना’च्या कान्याची खाली ओढलेली शेपटी, तिच्याखाली दोन ठिपके, सगळं तेच. पेन परत द्यायला गेलो तेव्हा कळलं की ते माझ्या डाव्या हातात होतं.

आठ दिवसांत न्यायला या, असं ठरलं. घरी आल्यावर मी रत्नाला नाक्यावरच्या पोलिसाची गंमत सांगितली, सहीचं सांगितलं नाही. दोन दिवसांनी जेवताना ती वाढायची थांबून माझ्या ताटाकडे बघत राहिली. मी विचारलं, काय झालं. काही नाही, म्हणाली, आणि भाजी वाढून आत गेली. मग मी ताटाकडे बघितलं. उजवा हात मांडीवर स्वच्छ होता आणि डाव्या हाताची बोटं वरणानं माखलेली होती. मोठ्या माणसाला असा प्रसंग सांगायलाही चोरी. मी हात धुतला, उजव्या हातानं उरलेला भात खाल्ला, आणि घास दोनदा तोंडाजवळून खाली पडला.

बुधवारी मी आंघोळीला गेलो असताना मिस्त्रींचा फोन आला, तो रत्नानं घेतला. पुनाभाऊ आहेत का, असं त्यांनी विचारलं आणि ती म्हणाली, आंघोळीला गेलेत, आले की सांगते. मी बाहेर आल्यावर तिनं जशाचा तसा निरोप दिला, की काम झालंय, उद्या न्यायला या. मी तिला विचारलं की तू त्या नावाला हो कशी म्हणालीस. ती भाकरी थापत होती, वर बघितलं नाही. तुम्हीच तर सांगितलं होतं त्या नावानं फोन येईल म्हणून, ती म्हणाली. मी तसं सांगितल्याचं मला आठवत नव्हतं. पण मी सांगितलं असेनही, कारण हल्ली झोप नीट लागत नव्हती आणि आबांचं सगळं करण्यात दिवस कसा जातो हे कळत नव्हतं.

गुरुवारी दुकानात गेलो तेव्हा बंदूक टेबलावर तयार होती. दोन घोडे, दोन्ही जागेवर. मी डाव्या घोड्यावर अंगठा ठेवला आणि ठेवल्या ठेवल्या उचलला. घोड्याच्या शेंड्यावर अंगठा सरकू नये म्हणून बारीक चौकड्या कोरलेल्या असतात. उजव्यावरच्या अजून बोटाला टोचत होत्या आणि डाव्यावरच्या पार झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. तीन दिवसांत घासलेलं लोखंड असं झिजत नाही. मी मिस्त्रींना तसं म्हटलं.

“नवा कुठे केला? सोमवारी तुम्ही जुनाच आणून दिलात,” ते म्हणाले. “तोच बसवला. स्क्रूसुद्धा जुनाच आहे.”

सोमवारी मी शाळेत होतो. मी पहिल्यांदाच तिथल्या स्टुलावर बसलो आणि विचारलं, “दिसायला कसा होता तो?”

“कोण?”

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता, काळजी होती. आबांना काहीतरी भलतंच बोलताना ऐकलं की मी त्यांच्याकडे बघतो ना, अगदी तशी. मग त्यांनी रजिस्टर फिरवून माझ्यासमोर धरलं. सोमवारची तारीख, ‘जुना घोडा मिळाला’, आणि खाली सही, शेपटीखाली दोन ठिपके असलेली. निघताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पुडा माझ्या हातात दिला. त्यांनी आरशात बघून घासायला घेतलेला घोडा त्यात होता, अर्धवट, कोपरे अजून ओबडधोबड, चौकोनी भोकही पाडलेलं नव्हतं. हा अर्धाच राहिला, म्हणाले, पण घेऊन जा, दुसऱ्या कुठल्या बंदुकीला तो बसायचा नाही.

परतीच्या वाटेवर मी एक गोष्ट घट्ट धरून ठेवली. पुना जिवंत आहे. धुळ्यातच कुठेतरी आहे, त्याला कुठून तरी कळलं, त्यानं येऊन घोडा दिला आणि मिस्त्रींच्या अधू डोळ्यांना आम्ही दोघं एकच वाटलो. हे खरं असतं तर मी त्याला शोधून आबांपुढे उभं केलं असतं, देवाशपथ केलं असतं. तीस वर्षांपूर्वी ओट्यावर उभं राहून जे वाटलं होतं ते आता माझ्या मनात उरलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्या गेल्या मी हजेरीपट उघडला. शनिवारी माझी सही होती. मंगळवारी होती. सोमवारचा चौकोन कोरा होता. जावक नोंदवहीतही त्या दिवशी माझ्या अक्षरातली एक ओळ नव्हती, आणि मला तर स्पष्ट आठवत होतं की सोमवारी मी दहावीचे फॉर्म तपासत बसलो होतो. सत्तावीस वर्षांत कधी केलं नाही ते मी करायला गेलो, म्हणजे मागच्या तारखेची सही. उजव्या हातानं कागदाच्या एका चिठोऱ्यावर सराव करून बघितला. पहिलीतल्या मुलानं काढावीत तशी वेडीवाकडी अक्षरं आली. मी चौकोन कोराच ठेवला.

आमची मुलगी पलक जळगावला मेहरूणमध्ये राहते. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी तिचा रत्नाला फोन आला. मी पलीकडच्या खोलीत बंदुकीला तेल लावत बसलो होतो, मधलं दार उघडं होतं. आबांनी सकाळपासून पाणी तेवढं घेतल्याचं रत्ना सांगत होती. मग पलकनं काहीतरी विचारलं असावं, कारण रत्ना हलक्या आवाजात म्हणाली, “नाही गं, अजून नाही आले ते.” मी तेलाची चिंधी हातात घेऊन दारात जाऊन उभा राहिलो. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि पदर सावरून भिंतीकडे तोंड करून बोलत राहिली. कोणाबद्दल बोलत होतीस, हे मला तिला विचारता आलं नाही. विचारलं असतं आणि तिनं सांगितलं असतं तर काय केलं असतं मी?

खंडेनवमीच्या सकाळी बंदूक तीस वर्षांनी पाटावर आली. विळे, कोयते आधीच मांडले होते. आबांना आम्ही खुर्चीसकट उचलून आत आणलं. अंगात काही राहिलंच नव्हतं, गोधडीची घडी उचलावी इतकेच ते हलके झाले होते. मी धोतर नेसलो होतो, वर सदरा घातला होता, आणि सदऱ्याच्या खिशात तो वर्तमानपत्राचा पुडा का ठेवला होता हे मला सांगता यायचं नाही. डावा हात मी पाठीमागे धरला आणि माझी सुपारी फार जपून, उजव्या हातानं, बंदुकीच्या पुढ्यात ठेवली. मग बंदूक उचलून आबांच्या मांडीवर दिली.

त्यांनी अंगठा डाव्या घोड्यावर ठेवला. झिजलेल्या जागेवर तो बराच वेळ फिरत राहिला. मग त्यांनी मान वर केली, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत समोरच्या माणसाची ओळख उतरलेली मला दिसली.

“उना का, पुना,” ते म्हणाले.

मी वाक्य पाठ करून ठेवलं होतं, आबा, मी प्रेमराज, मी पुरी केली बंदूक. ते ओठावर होतं. पण त्यांनी हात उचलून माझ्या गालावर ठेवला, तीस वर्षांपूर्वी ज्या गालावर तो हात पडला होता त्याच गालावर, आणि म्हणाले, “मनं चुकनं रे पोऱ्या.” तीस वर्षं खुर्चीवर बसून हा माणूस एवढंच बोलायला थांबला होता. त्याला नाही कसं म्हणायचं? मी खाली वाकलो आणि, आलो असं त्यांच्याच बोलीत म्हणालो, “उनू, आबा.”

ते रडले, मग हसले, मग भूक लागली म्हणाले. रत्नानं ताट आणलं आणि त्यांनी स्वतःच्या हातानं अर्धी भाकरी खाल्ली, वांग्याच्या भरिताबरोबर. मी मनात म्हणत होतो की ठीक आहे, झालं ते बरंच झालं. मरणाऱ्या माणसाला खोटं सांगितलं तर काही पाप लागत नाही, आणि नंतर रत्नाला सगळं पहिल्यापासून सांगू, सही, सोमवार, सगळं. हात पुसून झाल्यावर आबांनी खोलीभर नजर फिरवली. कोणालातरी शोधत होते.

“आनि धाकला?” त्यांनी विचारलं. “प्रेमराज कोठे शे?”

माझं नाव. वर्षभर मी ज्याची वाट बघितली ते नाव त्यांच्या तोंडून आलं, आणि ते किती मायेनं आलं हे मी सांगू शकत नाही. या घरात माझ्या वाट्याला तो आवाज कधी आलाच नव्हता. मी त्यांच्या पायाशी बसलो, दोन्ही हात धरले आणि म्हणालो की मीच प्रेमराज, आबा, मी इथेच आहे, कुठे गेलो नाही. धाकट्याला पाठीशी घालणाऱ्या थोरल्याकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसले, आणि आपले हात सोडवून घेतले.

“माले ओट्यावर लई चाला,” ते म्हणाले. “खुर्ची रस्ताकडे करा. प्रेमराजनी वाट देखस मी.”

पुन्हा खुर्ची उचलायची म्हणून मी रत्नाकडे बघितलं. मला वाटलं तिच्याही डोळ्यांत पाणी असेल, ती म्हणेल की अहो आबा, हे काय, हे समोरच तर आहेत. पण ती भिंतीला चिकटून उभी होती, नजर जमिनीकडे, आणि पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. मी तिला नावानं हाक मारली. ती आणखी आत सरकली. माझ्यासाठी वाढलेलं ताट तिनं दूरवरून, हाताला हात लागणार नाही असं, माझ्यापुढे सरकवलं, आणि ते माझ्या डाव्या हाताला येईल असं ठेवलं.

मग ती पाटाकडे गेली. माझ्याकडे पाठ झाल्यावर तिनं पदर खांद्यावर घेतला, डब्यातून एक सुपारी काढली, आणि उघड्या डोक्यानं ती पाटाच्या कडेला ठेवली.